उताराची खटपट

घरात, गल्लीत आणि पुढे निवडणुकीच्या फलकांवरसुद्धा तिला लोक ‘खटपट’ म्हणूनच ओळखत. हे नाव आत्यानं ठेवलेलं. तीन-चार वर्षांची असताना पोरीनं गजराचं घड्याळ उघडून त्यातली सगळी चक्रं ताटात ओळीनं मांडली होती. “हे काय चाललंय?” असं आईनं विचारल्यावर तिनं मान वर न करता “बघतेय” एवढंच उत्तर दिलं. आई चिडली, बाबा हसले, आणि आत्या म्हणाली, “ही खटपट आपल्या सगळ्यांना पुरून उरणार आहे.” घड्याळ काही पुन्हा जुळलं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका इमारतीच्या जिन्याखालची सांदीकोपऱ्यातली जागा. ताठ उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा, म्हणून बाबांना दुकानाबाहेरही जरा वाकूनच चालायची सवय झाली होती. आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ही घरातच. एके काळी ती शिवणकाम करायची, साऱ्या वस्तीचे कपडे तिच्या हातचे असायचे. मग पायांतली ताकद हळूहळू गेली आणि इस्पितळानं दिलेल्या जुन्या व्हीलचेअरवर ती खिडकीशी बसायला लागली. खुर्चीचं पुढचं एक चाक अडून बसायचं. डावीकडे वळायचं असलं की आत्या आधी उजवीकडून पूर्ण गोल फिरायची आणि मग डावीकडे पोचायची. घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की तो गोल पुरा होईपर्यंत सगळे वाट मोकळी करून थांबत.

खटपट एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आई घाईत डबा विसरून गेली म्हणून ती इस्पितळात गेली. धुलाई विभाग तळघरात होता. वाफेनं भरलेल्या त्या खोलीच्या मागं एक अंधारा बोळ होता आणि त्या बोळात एकावर एक रचलेल्या खुर्च्यांचा डोंगर. सगळ्या व्हीलचेअर. कुणाची चाकं आकाशाकडे, कुणाची पाठ फाटलेली. तिनं मोजायला सुरुवात केली आणि साठच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं.

शेजारच्या कोठीतला कोठीवाला वर्तमानपत्र वाचत होता. तिनं विचारलं, “काका, या खुर्च्यांना काय झालंय?”

“निकामी आहेत.”

“निकामी म्हणजे नक्की काय झालंय?”

कोठीवाल्यानं वर्तमानपत्र खाली केलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “निकामी म्हणजे निकामी,” तो म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला.

खटपट डोंगरापाशी परत गेली. वरच्या खुर्चीचं बेअरिंग गंजलेलं. तिच्या खालचीचा ब्रेकचा एकच नट पडलेला. तिसरीचे दोन स्पोक तुटलेले. चौथीला तर काहीच झालं नव्हतं, नुसती चाकातली हवा गेली होती. ती जिना चढून वर आली. वरच्या मजल्यावर तपासणीच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या पाठीवर बसून थांबले होते, कारण विभागात खुर्ची शिल्लक नव्हती. त्यांच्या पायांखाली, बरोबर एक मजला खाली, साठ खुर्च्या पडल्या होत्या. तिला आधी हसू आलं आणि मग आपण हसलो याचाच राग आला.

कोठीवाल्याकडून तीन खुर्च्या मिळवायला तिला आठ दिवस लागले. “न्यायच्या तर न्या, पण सही करा, आणि परत आणताना निकामीच आणा, नाहीतर माझ्या वहीत घोळ होईल,” असं तो म्हणाला होता. तो हे गंमत म्हणून बोलला की मनापासून, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाबांनी तिन्ही खुर्च्या दुकानासमोर उलट्या करून पाहिल्या. सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते म्हणाले, “चाक ते चाक. वर पोतं आहे की माणूस, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं.” तीन खुर्च्यांतून दोघांनी मिळून एक झकास खुर्ची उभी केली. आत्याला तिच्यावर बसवलं. आत्यानं डावीकडे वळायचं म्हणून सवयीनं उजवीकडे जोर लावला आणि नवी खुर्ची भोवऱ्यासारखी फिरून थेट पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली.

“अगं, ब्रेक कुठाय हिचा?” आत्या ओरडली. मग स्वतःच हसायला लागली. संध्याकाळपर्यंत ती घरातल्या घरात डावीकडे वळत राहिली, काही काम नसताना.

असं ते सुरू झालं. इस्पितळाचा डोंगर वर्षभरात संपला. मग वृद्धाश्रमांतून बोलावणं यायला लागलं, मग घरोघरचे लोक खुर्च्या, कुबड्या, चालण्याचे आधार घेऊन येऊ लागले. जिन्याखाली माणूस मावेना. जवळच एक बंद पडलेला छापखाना होता, त्याची पुढची खोली तिनं भाड्यानं घेतली. फरशीवर शाईचे काळे डाग होते, भिंतींना अजून कागदाचा वास होता. दारावर पाटी लागली: ‘चाकांचा दवाखाना’. ज्याला जमेल त्यानं ठरलेला दर द्यायचा, ज्याला जमणार नाही त्यानं तसं सांगायचं, आणि मोठ्या संस्थांनी वर्षाचा करार करायचा, अशी रीत तिनं पहिल्या दिवशीच घालून दिली. एका दानशूर म्हणवणाऱ्या गृहस्थांनी शंभर नव्या खुर्च्या द्यायची तयारी दाखवली, फक्त प्रत्येकीच्या पाठीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं. खटपट म्हणाली, “साहेब, माणसाच्या पाठीवर दुसऱ्याचं नाव कशाला? त्यापेक्षा आम्हाला सुटे भाग द्या.” गृहस्थांना सुट्या भागांवर नाव कुठं घालायचं ते सुचेना. ते पुन्हा आले नाहीत.

मास्तर आले ते तक्रार घेऊन. ते चित्रकला शिकवायचे. एका अपघातानंतर कमरेखालचं अंग गेलं, शाळेनं निरोप समारंभ केला आणि विषय संपवला. दवाखान्यातून दुरुस्त करून नेलेली खुर्ची घेऊन ते चौथ्या दिवशी दारात हजर झाले.

“ही कुणी केली?”

“मी,” खटपट म्हणाली.

“चाक छान फिरतं. पण बसायची उंची दोन बोटं जास्त झालीय. माझे पाय लोंबकळतात. तुम्ही खुर्ची दुरुस्त केलीत, माणूस मोजलाच नाहीत.”

तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिनं मोजपट्टी त्यांच्या हातात ठेवली. “मग तुम्हीच मोजत जा. उद्यापासून येता?”

मास्तर आले आणि राहिले. त्यांच्यानंतर जे कारागीर आले त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतः खुर्चीवर बसणारे होते. मास्तरांचा नियम एकच: माप घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. केसाएवढा फरक असला तरी ते खुर्ची परत पाठवत. खटपट त्यांना पाठीमागं ‘हायकोर्ट’ म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

वर्षभर असं गेलं, आणि मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. दुरुस्त केलेल्या खुर्च्या परत येत होत्या. त्याच त्या. पाय ठेवायची पट्टी वाकलेली, पुढची चाकं फुटलेली. मास्तरांनी भिंतीवर भागाचा मोठा नकाशा काढला आणि जिथं जिथं पायरी, उंच पदपथ किंवा तुटलेली कड होती तिथं लाल ठिपका दिला. पंधरा दिवसांत नकाशाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

“आपण चाकं नीट करतोय आणि रस्ते ती मोडतायत,” मास्तर म्हणाले. “हा धंदा चांगला चालेल. पण कुणी कुठं पोचणार नाही.”

दोघं अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. अपंगांच्या सोयीसुविधांचा अर्ज दुसऱ्या मजल्यावर घेतला जाई, आणि लिफ्ट बंद होती. चार जणांनी मास्तरांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. वरच्या कारकुनानं सहानुभूतीनं पाहिलं आणि खटपटला म्हणाला, “यांना कशाला त्रास दिलात? यांच्याशिवायही चाललं असतं.”

“अहो, मला चाललं असतं तर आलोच नसतो,” मास्तर म्हणाले.

कारकुनाला विनोद कळला नाही, अर्जाची पोच मात्र मिळाली. पुढं दोन वर्षांत अशा एकोणीस पोचा जमल्या. उत्तर एकाचंही नाही. विसाव्या वेळी त्याच कारकुनानं आवाज खाली करून तिला सांगितलं, “ताई, अर्जावर शेरा मारणारे सभागृहात बसतात. तुम्ही कितीही अर्ज आणा, मी पोचच देणार. त्यापेक्षा तुम्हीच आत जाऊन बसा ना.”

तेवीस वर्षांची खटपट निवडणुकीला उभी राहिली आणि सपशेल आपटली. पाच उमेदवारांत तिचा नंबर चौथा. पाचवे गृहस्थ मध्येच आजारी पडले होते. खरी अडचण अशी होती की तिला मतं मागताच येत नसत. एखाद्या घराचं दार वाजवावं, तर फाटकाची बिजागरी कुरकुरतेय हे तिच्या लक्षात यायचं, आणि ती तिथंच बसून ती नीट करायची. आई बरोबर असायची. ती शेवटी कावली. “बाई गं, मतं माग. बिजागऱ्या काय निवडणुकीनंतरही कुरकुरतील!”

पुढच्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. मधल्या चार वर्षांत तिनं मतं मागितली नाहीत, पण ज्या ज्या घरी खुर्ची पोचवली तिथं तिथं विचारलं, “कुठं जायचंय तुम्हाला आणि कशामुळं अडतं?” ती उत्तरं तिनं छापून वाटली. एका आजोबांना मित्राच्या घरी पत्ते खेळायला जायचं होतं, मध्ये एकच पायरी होती. एका तरुणीला संध्याकाळच्या वर्गाला जायचं होतं. बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया, भाजीची हातगाडी लावणारे, गुडघे दुखणाऱ्या आज्या, सगळ्यांनी तो कागद वाचला आणि सगळ्यांना त्यात आपलीच पायरी दिसली. या वेळी खटपट निवडून आली. निकालाच्या दिवशी बाबांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि उरलेला अर्धा दिवस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट हवा भरून दिली.

सभागृहात तिचं स्वागत झालं ते आक्षेपकाकांकडून. हे सत्तरीचे ज्येष्ठ सदस्य विरोधी बाकावर बसत आणि ‘माझा आक्षेप आहे’ या वाक्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. एकदा तर सभा वेळेवर सुरू झाली म्हणून त्यांनी आक्षेप घेतला होता. खटपटच्या पहिल्याच भाषणाला त्यांनी तीन आक्षेप घेतले. तरीही वर्षाच्या आत तिनं अकरा जागी रॅम्प बांधायचा ठराव मंजूर करून घेतला. वाचनालय, टपाल कचेरी, दोन शाळा, दवाखाने. वर्तमानपत्रात फोटो आला. ‘तरुण नेतृत्व’ असा मथळा होता. आईनं ते पान जपून ठेवलं आणि आत्यानं ते चष्मा लावून आणि चष्मा काढून असं दोनदा वाचलं.

इथंच तिची चूक झाली.

उद्घाटनाची तारीख जाहीर झाली होती. तिच्या महिनाभर आधी, काम सुरू व्हायचं होतं तेव्हा, नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब नकाशे घेऊन तिला सभागृहाबाहेरच्या वऱ्हांड्यात भेटले. “मॅडम, वाचनालयासमोर जागा कमी आहे. उतार थोडा उभा होईल. चालेल ना?” तिला दुसऱ्या बैठकीला उशीर होत होता, मागं तीन माणसं काही ना काही घेऊन उभी होती. “चालेल, चालेल,” ती म्हणाली आणि उभ्या उभ्या, भिंतीला कागद टेकवून, सही केली.

उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी, साध्या मंगळवारी दुपारी, मास्तर एकटेच वाचनालयात निघाले. इतक्या वर्षांत कुणी न उचलता ते प्रथमच आत जाणार होते, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. अर्ध्या उतारावर खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मास्तरांसकट मागं उलटली. डोकं वाचलं. उजवं मनगट मोडलं. ज्या हातानं ते मापं घ्यायचे, नकाशे काढायचे, तोच हात.

खटपट इस्पितळात धावत पोचली तेव्हा त्यांना प्लास्टर घालून झालं होतं. ती पलंगाजवळ उभी राहिली.

“किती उभा आहे तो उतार?” मास्तरांनी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“एक वीत चढायला बारा विती लांबी लागते. हे तुला माहीत आहे.”

“आहे.”

“तिथं पाच विती पण नाहीत.” मास्तर छताकडं पाहत होते. “दवाखान्यात तू नटाचा आटा भिंगातून बघतेस. मग तिथं का नाही मोजलंस?”

तिच्याकडं उत्तर होतं: घाई होती, बैठक होती, साहेबांनी सांगितलं. त्यातलं एकही तिला तोंडातून काढवेना. तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी ते पाहिलं, पण ‘असू दे’ म्हणाले नाहीत. त्या वेळी तिला ते फार लागलं. पुढं ती म्हणायची, “तेव्हा ते ‘असू दे’ म्हणाले असते तर मीही म्हणाले असते.”

तिथून ती तडक बाबांच्या दुकानात गेली आणि जिन्याखाली खोक्यावर बसली. बाबा एका चाकाचा आऊट काढत होते. त्यांनी हकिकत ऐकून घेतली.

“मी राजीनामा देते,” ती म्हणाली.

“आणि रॅम्प?”

“काय?”

“राजीनामा दिल्यावर रॅम्प आपोआप आडवा होणार आहे का?” बाबांनी चाक फिरवून डोळ्यासमोर धरलं. “माझ्या हातून एकदा ब्रेक न तपासता सायकल गेली होती. पोस्टातल्या माणसाची. पडला, गुडघा फुटला. मला वाटलं, दुकान बंद करावं. तुझी आत्या म्हणाली, बंद कर खुशाल, पण आधी त्याचा ब्रेक लावून ये. गेलो. लावून आलो. मग बंद करायचं राहूनच गेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजपट्टी घेऊन अकराही ठिकाणी फिरली. चार रॅम्प नीट होते. सात जास्त उभे होते. त्याच आठवड्यात नगरपालिकेची सभा होती. विरोधी बाक तयारीनं आले होते, आक्षेपकाकांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. ते उठायच्या आतच खटपट उठली.

“अध्यक्षमहाराज, वाचनालयाच्या रॅम्पवर एक माणूस पडला. त्या नकाशावर माझी सही आहे. मी तो मोजला नव्हता. अकरापैकी सात रॅम्प चुकलेले आहेत, त्यांची मापं मी सोबत जोडली आहेत. इंजिनिअरसाहेबांनी मला विचारलं होतं, ‘चालेल’ असं मी म्हटलं. चूक माझी आहे.”

टिपण घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. “शेवटचं वाक्य पुन्हा सांगता का? नीट ऐकू आलं नाही.”

“चूक माझी आहे.”

आक्षेपकाका उभे राहिले. हातातल्या गठ्ठ्याकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि तो बाकावर ठेवून दिला. “मी तीस वर्षं या सभागृहात आहे,” ते म्हणाले. “इथं चुका पुष्कळ पाहिल्या, पण चुकीला मालक आजच पाहिला. माझा,” त्यांनी सवयीनं सुरुवात केली, जरा अडखळले, “माझा आक्षेप नाही.” सभागृहात असा हशा पिकला की अध्यक्षांना घंटा वाजवावी लागली.

त्याच सभेत तिनं नियम मांडला: इथून पुढं कुठलाही उतार, दार किंवा पदपथ मंजूर करण्याआधी ज्यांना तो वापरायचा आहे अशा चार माणसांनी तो कुणाच्या मदतीशिवाय वापरून दाखवायचा. त्यांची सही नाही, तर काम पुरं नाही. इंजिनिअरसाहेब मनातून दुखावले होते. “आम्ही पाच वर्षं शिकून आलो ते काय यांच्या परीक्षेला बसायला?” असं ते बाहेर म्हणाले. खटपटनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीत एक खुर्ची पाठवून दिली. चिठ्ठी होती: ‘फक्त एक दिवस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी.’ साहेबांनी दोन दिवस खुर्चीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ते बसले. स्वतःच्या कचेरीच्या स्वच्छतागृहाचं दार त्यांना आतून लावता येईना, कारण खुर्ची आत गेली की दार मिटत नव्हतं. ते याबद्दल कुणाशी काही बोलले नाहीत. पण वाचनालयाचा नवा नकाशा घेऊन ते स्वतः छापखान्याच्या खोलीत आले, आणि प्लास्टरातल्या मास्तरांसमोर तो उलगडून म्हणाले, “सर, जागा खरंच कमी आहे. मध्ये वळण घेतलं तर?”

मास्तरांनी डाव्या हातानं पेन्सिल उचलली. दोघं दीड तास भांडले. वळणाचा रॅम्प झाला तो त्या भांडणातून. पहिल्यांदा वर गेले ते मास्तर. साहेब मागं हात पसरून चालत होते, पडलेच तर झेलायला, आणि मास्तर वळून म्हणाले, “अहो, हात खिशात ठेवा, नाहीतर परीक्षा धरली जाणार नाही.”

मग एक वेगळाच पेच आला. नगरपालिकेनं ठरवलं की आपल्या सगळ्या शाळांतल्या आणि दवाखान्यांतल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीचं काम बाहेर द्यायचं. भागात असं काम करणारी जागा एकच होती. आक्षेपकाका तिला वऱ्हांड्यात भेटले. “पोरी, सभागृहात बोलण्याआधी इथं सांगतो. काम तुमच्याच दवाखान्याला मिळायला हवं, दुसरं कुणी इतकं चांगलं करत नाही. पण देणारी तू आणि घेणारीही तू, हे बरं दिसत नाही. मला आक्षेप घ्यावा लागेल.”

“घ्यायलाच हवा, काका,” ती म्हणाली.

तिनं दोन आठवडे विचार केला. नगरसेवकपद सोडलं असतं तर दवाखान्यात ती सुखात राहिली असती, तिथं प्रत्येक पाना तिला ओळखत होता. आत्यानं मात्र तिला एकच गोष्ट विचारली. “तुझ्याशिवाय दवाखाना चालेल का?”

“चालेल. मास्तर आहेत, सगळे तयार आहेत.”

“आणि सभागृहात?”

खटपटनं दवाखान्याच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

दवाखाना कारागिरांच्या नावे झाला. तेरा जणांची सहकारी संस्था नोंदवली गेली, मास्तर तिचे प्रमुख. खटपटनं किल्ल्या दिल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सवयीनं तिकडेच वळले. ती आत शिरली आणि नेहमीसारखा हात पान्याकडं गेला. मास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, “बाहेरून आलेल्यांनी बाकावर बसायचं. काही दुरुस्त करायचंय का आपल्याला?” सगळे हसले. तीही हसली, बाकावर बसली, आणि दोन मिनिटांनी रस्त्यावर येऊन मनसोक्त रडली. मग नाक पुसून बैठकीला गेली. दवाखान्याला काम मिळालं. आक्षेपकाकांनी कागद तीनदा तपासले आणि सही केली. वर्षभरात तेराचे एकवीस कारागीर झाले, आणि शेजारच्या भागातून दोन मुली शिकायला आल्या त्या तिकडं आपला दवाखाना काढायच्या बोलीवर.

आता खटपट एकतीस वर्षांची आहे. दुसऱ्यांदा निवडून आली आहे आणि सध्या बसच्या मागं लागली आहे. डेपोचे मॅनेजर तिला समजावत होते, “बसला तीन पायऱ्या असतात, मॅडम. बस म्हटली की पायऱ्या आल्याच.” शेवटी तिच्या चिकाटीला कंटाळून त्यांनी एक बस दिली, पंधरा दिवसांसाठी. दवाखान्याच्या कारागिरांनी तिच्या मागच्या दाराला घडीची फळी बसवली आणि आतली दोन आसनं काढून जागा केली. चालवायला द्यायचं ठरलं ते डेपोतल्या सर्वांत चिडखोर ड्रायव्हरला, कारण दुसरं कुणी तयार होईना.

पहिल्या दिवशी, पहिल्या थांब्यावर, संध्याकाळच्या वर्गाला जाणारी ती तरुणी उभी होती. ड्रायव्हर कुरकुरत उतरला, फळी उघडायला गेला, ती अडकली. त्यानं लाथ मारली तेव्हा उघडली. तरुणी आत येईपर्यंत साडेचार मिनिटं गेली. मागून कुणीतरी ओरडलं, “आम्हाला कामं आहेत!” तरुणी म्हणाली, “मलाही आहेत,” आणि खुर्चीचा ब्रेक लावला. खटपट मागच्या आसनावर घड्याळ हातात घेऊन बसली होती. तिनं साडेचार मिनिटांची नोंद केली.

तिसऱ्या दिवशी साडेचारची दोन मिनिटं झाली. पाचव्या दिवशी ड्रायव्हरनं घरून तेलाची डबी आणली आणि फळीच्या बिजागरीत स्वतःच तेल सोडलं. आठव्या दिवशी पहिल्या दिवशी मागून ओरडलेला तो गृहस्थ तरुणीची पिशवी धरून उभा होता. खुर्ची चढायला पाऊण मिनिट लागलं. पत्ते खेळणारे आजोबा त्याच बसनं चार थांबे पुढच्या मित्राकडं जाऊ लागले होते आणि दररोज हरून परत येत होते.

पंधराव्या दिवशी बस डेपोत परत करायची होती. खटपट अहवाल घेऊन मॅनेजरांच्या खोलीत गेली, तर ड्रायव्हर आधीच तिथं उभा होता, टोपी काढून.

“साहेब,” तो म्हणाला, “ही बस काढून घेणार असाल तर त्या लोकांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. मी उद्या साडेपाचला येतो असं बोलून बसलोय.”

मॅनेजरांनी खटपटकडं पाहिलं. तिनं अहवाल टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, “आणखी किती बस देता ते बोलूया.”